बर्फावरची आसारी : वाचकांचे प्रश्न

दिवाळी अंकातल्या लेखात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते : गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून छोटे मासे धरायला जाते तेव्हा स्पिनिंग रील घरी ठेवते आणि इनलाइन रील घेऊन जाते (रील म्हणजे गळाच्या काठीवरची, दोरा गुंडाळायची चक्री). त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की त्याच लेखातल्या मासे तळण्याच्या कृतीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. असो. त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देते.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख : माहेर येवल्याचं, पैठणीच्या मागाचं घर. सासर देवगडचं. मिनेसोटात अठ्ठावीस हिवाळे काढले, त्यातले एकोणीस बर्फावर बादली पालथी घालून बसून. त्यामुळे आमच्या घरात माशांचे शब्द देवगडचे आणि दोऱ्याचे येवल्याचे. गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याला मी तंगूस म्हणते तेवढं मात्र ह्यांच्याकडून घेतलं आहे.

ताई, माझ्याकडे चांगलं स्पिनिंग रील आहे, उन्हाळ्यात तेच वापरतो. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘बर्फासाठी इनलाइन घ्याच, स्पिनिंग रील दोऱ्याला पीळ घालतं.’ हे खरं की विकायची युक्ती?
— एक वाचक, ईडन प्रेअरी

अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी तुम्हाला येवल्याच्या गच्चीवर यावं लागेल.

आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस पतंग उडतात आणि मांजा असतो आसारीवर, म्हणजे लाकडी फिरकीवर. ही आसारी दांड्यावर गरगर फिरते, मांजा तिच्यावरून सरळ सुटतो आणि सरळच गुंडाळला जातो. ज्याच्याकडे आसारी नसे तो पोरगा दुधाच्या पावडरच्या डब्यावर मांजा गुंडाळी. गुंडाळताना डबा हातात फिरवायचा आणि सोडताना तोच डबा उभा धरून वरच्या तोंडाने वेटोळी सुटू द्यायची. दुपारपर्यंत त्याच्या मांजाची गच्चीवर शेवयांसारखी जाळी झालेली असे. माझ्या वडिलांना पतंगाचं काही कौतुक नव्हतं, पण रेशमाची लड आसारीवर चढवण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते त्या पोरांना सांगत, ‘जसा चढवला तसाच उतरव. रीत बदललीस की दर फेऱ्याला एक पीळ.’

इनलाइन रील म्हणजे हीच आसारी : त्याचं स्पूल, म्हणजे दोऱ्याचं रीळ, स्वतः फिरून दोरा सरळ घेतं आणि सरळ सोडतं. आता तुमचं स्पिनिंग रील बघा. त्याचं स्पूल स्थिर असतं आणि तारेची कमान त्याच्याभोवती फिरून दोरा गुंडाळते. कमान उघडून जिग, म्हणजे वजनाचा मणी बसवलेला गळ, खाली सोडलंत तर दोरा वेटोळ्यांनी वरून सुटतो. म्हणजे चढताना जो पीळ पडला तो उतरताना उलगडला आणि हिशेब शून्यावर आला. दुकानातल्या मुलाचं म्हणणं इथे चुकतं.

पण मासा लागला आणि त्याने ओढ घेतली, की ड्रॅग, म्हणजे जास्त ताण आला की दोरा सोडणारा ब्रेक, सुटतो आणि स्पूल स्वतःच फिरायला लागतं. दोरा चढला होता एका रीतीने आणि आता उतरतोय दुसऱ्या, त्यामुळे पीळ दोऱ्यातच राहतो. त्यात आपण घाबरून हँडल फिरवत राहतो. दोरा आत येत नसतो, कमान नुसती भोवती नाचते. पाचास एक गिअरच्या रीलवर हँडलच्या एका फेऱ्याला कमानीचे पाच फेरे, म्हणजे पाच पीळ. वीस फेरे मारलेत की शंभर. माशाला हरवलं म्हणून आपण खूश, आणि पुढच्या वेळी जिग खाली सोडलं की ते भोवऱ्यासारखं फिरत बसतं.

उन्हाळ्यात हे जाणवत नाही, कारण आपण जड आमिष लांब फेकतो आणि दोरा आडवा ओढत आणतो. बर्फाखाली मात्र जिग ओळंब्यासारखं उभं लटकतं. टंगस्टनचा चार मिलिमीटरचा मणी, वाटाण्याहूनही लहान. पिळाला धरून ठेवेल असं त्याच्यात काहीच नाही. शिवाय छोट्या स्पूलवर बसलेल्या नायलॉनला थंडीत वेटोळ्यांची सवय लागते आणि पाण्यात तो स्प्रिंगसारखा लोंबतो. मग माशाने हलकेच चोखलेलं वर कळत नाही.

आता मासा काय करतो ते. एका वर्षी शेजाऱ्याने पाण्याखालचा कॅमेरा आणला होता. त्याच्या पडद्यावर ब्लूगिल नावाचा छोटा मासा आला. हिवाळ्यात तळाचं पाणी चार अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे त्याला कसलीही घाई नसते. जिगपासून दोन बोटांवर येऊन तो थांबला. जिग सावकाश गोल फिरत होतं. त्याने ते लग्नाच्या बाजारात स्थळ बघावं तसं सगळ्या बाजूंनी बघितलं आणि मागच्या मागे निघून गेला. पाच मिनिटांत असे सात गेले. शेजाऱ्याने दोरा बदलला, जिग स्थिर झालं, आणि आठव्याने ते तोंडात घेतलं. त्या दिवशी मी इनलाइन रीलसाठी पैसे काढले.

तेव्हा निवाडा असा : वीस फुटांच्या आतलं पाणी, लहान जिग, दोन ते चार पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारा) तंगूस आणि ब्लूगिल, क्रॉपी, पर्चसारखे चिकित्सक मासे असतील तर इनलाइन घ्या. बाकी सगळ्याला तुमचं आहे ते रील पुरेसं आहे. दोऱ्यात छोटी बॅरल स्विव्हल, म्हणजे दोन्ही टोकं वेगवेगळी फिरणारी कडी, बांधा, जिगच्या दीडेक फूट वर. चार आण्यांत पुष्कळसं काम होतं.

काकू, नवऱ्याला वाढदिवसाची भेट म्हणून इनलाइन रील द्यायचं आहे. दुकानात तीस डॉलरपासून शंभराच्या वरपर्यंत आहेत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.
— एक वाचक, मेपल ग्रोव्ह

आधी न सांगता बघून ठेवा, की तो रॉड कोणत्या हातात धरतो. स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं, इनलाइनचं बऱ्याचदा येत नाही. डाव्या हाताने फिरवायचं वेगळं, उजव्याचं वेगळं, आणि दोन्हींचे खोके सारखेच दिसतात. आमच्या घरात असं एक उलट्या हाताचं रील आहे. कोणी आणलं ते लिहीत नाही, पण ती व्यक्ती येवल्याची आहे.

मग ट्रिगर बघा. थर्टीन फिशिंग, क्लॅम, ईगल क्लॉ अशा कंपन्यांच्या रीलांत बहुतेकदा बोटाखाली एक खटका किंवा बटण असतं. ते दाबलं की स्पूल मोकळं होतं आणि जिग आपल्या वजनाने खाली जातं. हा खटका हातमोजा घालून दाबता आला पाहिजे. दुकानात हातमोजा घालूनच दाबून बघा. विक्रेता बघेल तुमच्याकडे, बघू दे.

तिसरी गोष्ट, स्पूल मोठं असावं. व्यास जितका मोठा तितकी वेटोळी सैल. आणि गिअर. काही रीलांत एकास एक, म्हणजे हँडलचा एक फेरा तोच स्पूलचा एक फेरा. अडीच इंची स्पूलवर त्यात फार तर आठ इंच दोरा येतो. वीस फुटांवरून मासा वर आणायला तीस फेरे. अडीच-तीनास एक गिअर असेल तर दहा-बारा फेऱ्यांत काम होतं. मी गिअरवालं घेईन.

खोक्यावर बेअरिंगांचा आकडा ठळक छापलेला असतो, त्याला पैसे देऊ नका. स्पूल बोटाने फिरवा. डगमगत नसेल, खरखरत नसेल आणि कडेच्या फटीत दोरा शिरण्याइतकी जागा नसेल, तर बेअरिंगं कितीही असोत. ही फट महत्त्वाची आहे. दोन पौंडी तंगूस केसासारखा असतो, फटीत शिरला की रील उघडल्याशिवाय निघत नाही, आणि बर्फावर स्क्रू पडला तर तो वसंतातच सापडतो.

पन्नास-साठ डॉलरमध्ये चांगलं रील मिळेल. उरलेल्या पैशांत रॉड घ्या, टोकाला अगदी लवचिक असलेला. रील नुसता दोरा सांभाळतं, मासा आल्याचं रॉडचं टोक सांगतं.

आम्ही चौघं मित्र मिल लॅक्स तळ्यावर वॉलाय माशासाठी जातो, पाणी तीस फुटांचं. तिथे इनलाइन कसं?
— एक वाचक, सेंट पॉल

नको. वॉलायसाठी तुम्ही जड चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, लावणार, तो पिळाला जुमानत नाही. तीस फुटांवरून तीन-चार पौंडांचा मासा हळू रीलवर आणताना हात भरून येईल, आणि बऱ्याच इनलाइन रीलांचा ड्रॅग असून नसल्यासारखा असतो. स्पिनिंग रील, ब्रेडेड (वेणीसारखा विणलेला) दोरा, स्विव्हल आणि पुढे फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे आमिषाजवळचा दोऱ्याचा तुकडा, एवढं न्या. हिवाळ्यात इथे माणशी दोन दोरे टाकता येतात, तेव्हा हौसच असेल तर दुसऱ्या भोकात इनलाइन लावून पर्चची वाट बघा.

मावशी, तुझं ऐकून इनलाइन रील घेतलं, तरी जिग फिरतंच! शिवाय पहिल्याच दिवशी दोऱ्याचा असा गुंता झाला की कापून टाकावा लागला. पैसे वाया गेले का?
— एक विद्यार्थी, मॅडिसन

पैसे नाही रे, दोरा वाया गेला. मला एक सांग, नवा दोरा रीलवर भरलास तेव्हा दोऱ्याचं रीळ कुठे होतं? जमिनीवर आडवं टाकलं होतंस आणि दोरा त्याच्या तोंडावरून सुटत होता, हो ना? म्हणजे डबेवाला पोरगा झालास. उतरताना तोंडावरून, चढताना इनलाइनच्या फिरत्या स्पूलवर. रीत बदलली, दर फेऱ्याला एक पीळ पडला, आणि तो तू स्वतःच्या हाताने रीलमध्ये भरलास.

आता असं कर. नव्या रीळाच्या भोकातून पेन्सिल घाल, कोणाला तरी दोन्ही टोकं धरायला लाव आणि रीळ फिरू दे. दोरा ओल्या फडक्यातून, दोन बोटांच्या दाबाखालून जाऊ दे, म्हणजे घट्ट बसेल. सैल भरलेला दोरा पहिल्या माशाबरोबर खालच्या थरांत रुततो. काठापर्यंतही भरू नकोस, दोन-तीन मिलिमीटर काठ उघडा ठेव. बर्फाखाली शंभर फूट दोरा लागत नाही, तेव्हा तळाशी जुना जाड तंगूस गुंडाळून वर पन्नास-साठ फूट नवा घातलास तरी चालतो. मी तेच करते.

एवढं करूनही जिग फिरलं तर अळी बघ. वॅक्सवर्म गळात वाकडी ओवली की ती पंख्याच्या पात्यासारखी काम करते, वर ओढताना जिगला फिरवते. सरळ ओव, नाहीतर अर्धीच लाव. मग गाठ बघ. मासा लागला की गाठ जिगच्या कडीवर पुढे-मागे सरकते आणि जिग तिरकं लटकतं. दर माशानंतर नखाने गाठ जागेवर आणायची. आणि जिग सोडण्याआधी बर्फाच्या खाली हातभर पाण्यात अर्धा मिनिट नुसतं धरून ठेव. उरलासुरला पीळ तिथेच उलगडतो. हे अर्धं मिनिट कोणी देत नाही. तेच लोक नंतर रीलला शिव्या घालतात.

गुंत्याचं म्हणशील तर तो तुझ्या अंगठ्याचा दोष. खटका दाबून जिग सोडलंस, जिग तळाला टेकलं आणि स्पूल फिरतच राहिलं. आसारी धरणाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. पतंगाची ओढ सैल झाली की त्याचा हात आसारीवर जातोच. स्पूलच्या कडेवर अंगठा हलका ठेव, घासत राहू दे आणि तळ लागला की दाब. रीलच्या बाजूला ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर घरीच बसव : जिग लोंबकळत ठेवून खटका दाब. जिग सावकाश उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबलं पाहिजे. तीन मिलिमीटरचं हलकं जिग असेल तर त्याने स्पूल फिरणारच नाही. मग डाव्या हाताने हात-हातभर दोरा ओढून भोकात सोडायचा. त्यात कमीपणा नाही.

मासा वर आणतानाही कित्येक जण हँडल वापरत नाहीत, रॉड बाजूला ठेवून दोरा हातानेच ओढतात. तंबूत हे उत्तम. उघड्यावर ओला दोरा बर्फावर पडला की त्याला भुसभुशीत हिम चिकटतं, वारा त्याचा गोळा करतो, आणि पुढचा अर्धा तास तुझा त्या गोळ्याबरोबर जातो. उघड्यावर हँडलच फिरव.

उणे वीसमध्ये माझं रील दगड होतं. हँडल फिरतच नाही. जोर लावू का?
— एक वाचक, विनिपेग

जोर अजिबात लावू नका. आतले दात प्लास्टिकचे असू शकतात.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखान्यात घातलेलं ग्रीस थंडीत घट्ट होतं, तो एक प्रकार. नोव्हेंबरात घरी रील उघडा, ग्रीस पुसून काढा आणि हलकं सिंथेटिक तेल एक-एक थेंब सोडा. थेंब म्हणजे थेंबच, फोडणी नव्हे. दुसरा प्रकार पाण्याचा. ब्रेडेड दोरा पाणी पितो आणि ते रीलवर आणून ओततो, तिथे त्याचा बर्फ होतो. उघड्यावर बसणार असाल तर मोनो (एकपदरी नायलॉन) किंवा फ्लुओरोकार्बन घाला. गोठलेलं रील जाकिटाच्या आत काखेत धरा, दहा मिनिटांत सुटतं. रॉडच्या कड्यांत साठलेला बर्फ चिमटीने चिरडून काढा, रॉडच्या टोकाला झटका देऊ नका. टोक मोडतं. माझी दोन मोडली आहेत.

आणि रील बर्फावर आडवं ठेवू नका. बादलीवर ठेवा, मांडीवर ठेवा, कुठेही ठेवा.

आम्ही यंदाच भारतातून आलो. बर्फ किती जाड असला म्हणजे चालतो? नवरा म्हणतो, लोक गाड्या नेतात तर आपण दोघं चालत का जाऊ नये?
— एक वाचक, प्लिमथ

ज्या लोकांनी गाड्या नेल्या त्यांनी आधी भोक पाडून बर्फ मोजलेला असतो, निदान मोजायला हवा. मिनेसोटाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाचा आकडा असा आहे : चालायला किमान चार इंच नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ. पांढरा, हिमाचा झालेला बर्फ असेल तर त्याची ताकद निम्मी धरा, म्हणजे जाडी दुप्पट हवी. एकाच तळ्यावर इथे आठ इंच आणि शंभर पावलांवर तीन इंच असू शकतो, विशेषतः जिथे पाणी वाहतं किंवा झरा आहे तिथे. दर थोड्या पावलांनी पहारीने ठोकत जा. गळ्यात बर्फात रोवायच्या खिळ्यांची जोडी अडकवा. पाण्यात पडल्यावर निसरड्या काठावर पकड घ्यायला तेवढंच साधन असतं. मासे धरायचं लायसन्स सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना लागतं, दोघांचं काढा. रीलचा विचार त्यानंतर.

आत्या, तुझे लेख आई वाचून दाखवते. आसारीसारखंच असेल तर इथून चांगली लाकडी आसारीच पाठवू का? स्वस्तात काम होईल.
— येवल्याहून एक भाचा

तुझं डोकं बरोबर दिशेने चाललंय. इथले जुने लोक रील न लावताच मासे धरायचे. हातभर लाकडाच्या काठीला दोन खुंट्या ठोकायच्या आणि त्यांच्याभोवती दोरा गुंडाळायचा. अजूनही काही म्हाताऱ्यांच्या तंबूत त्या काठ्या दिसतात, आणि मासे त्यांनाही मिळतात.

पण आसारीला दोन्ही हात लागतात आणि आसारी धरायला सोबत माणूस लागतो. तुझे काका थंडीत तासाभरातच गाडीत जाऊन बसतात. शिवाय मांज्याची काच लागलेली जुनी आसारी पाठवशील तर माझा दोन पौंडी तंगूस पहिल्याच फेऱ्यात तुटेल. पाठवायचीच असेल तर कोरी पाठव, आणि संक्रांतीच्या आधी पोचेल अशी. इथल्या मंडळाच्या तिळगुळाला पोरांना पतंग उडवून दाखवायचा आहे. तळं गोठलेलं असतं, झाडं नाहीत, तारा नाहीत, वाराही भरपूर.